जपानी बागेत जाऊन राहिलो, पण बघायचं काय?

प्रश्न: ताई नमस्कार. मुलगा ओसाकाला असतो, येत्या नोव्हेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात आम्ही दोघं पहिल्यांदाच त्याच्याकडे जाऊन राहिलो. त्यानं क्योतोच्या बागांची लिस्ट पाठवली, त्यात र्योआनजी म्हणून एक आहे, फोटो पाहिला तर नुसती पांढरी रेती नं दगड, झाड एकही नाही! यांचं म्हणणं हे काढून टाक, त्याऐवजी किल्ला बघू. आम्ही रोज सकाळी इथं नागपुरात सेमिनरी हिल्सकडच्या जपानी गार्डनला फिरायला जातो, तिकडच्या बागा तशाच असतात का? आणि माझे गुडघे दुखतात, किती चालावं लागेल? (सिव्हिल लाईन्समधल्या एक काकू)

उत्तर: काकू, बाकी काही काढा पण र्योआनजी लिस्टमधून अजिबात काढू नका, आणि तुमच्या गुडघ्यांना तर हीच बाग सगळ्यात सोयीची आहे कारण तिच्यात चालायचंच नसतं. आत पाय ठेवायला परवानगीच नाही. देवळाची लाकडी ओसरी आहे, तिच्या कडेला बसायचं आणि समोर बघायचं, झालं. साधारण २५ मीटर लांब नं १० मीटर रुंद एवढीच जागा, म्हणजे आपल्याकडच्या एखाद्या जुन्या बंगल्याच्या अंगणाएवढी, त्यात १५ दगड पाच घोळक्यांत मांडलेत आणि ते असे मांडलेत की ओसरीवर कुठंही बसलं तरी एक तरी दगड दुसऱ्याच्या मागं लपतोच. थोडं सरकून बसा, लपलेला दिसतो आणि दुसरा कुठला तरी जातो. काकांना मोजायला सांगा, खरंच सांगा, अर्धा तास कसा गेला कळणार नाही. देऊळ १४५० साली स्थापन झालं, बाग नेमकी कोणी केली ते आजही नक्की माहीत नाही, लोक त्या दगडांना समुद्रातली बेटं म्हणतात, कोणी वाघीण पिल्लांना घेऊन नदी ओलांडते म्हणतात, पण कुणी विचारलं म्हणून अर्थ शोधत बसू नका, नुसतं बघा. आणि ती रेती नाही बरं का, ग्रॅनाइटची बारीक खडी आहे, दाताळ्यानं तिच्यात रेघा ओढतात. आणि झाड नाही म्हणता, तर भिंतीच्या पलीकडं बघा नं, बाहेरची झाडं आत डोकावतात, ती बागेचीच धरायची.

ही बाहेरचं आत घ्यायची गोष्ट जपानी बागेत फार मोठी, तिला शाक्केई म्हणतात, म्हणजे उसना घेतलेला देखावा. काकांना किल्ला बघायचा आहे नं, तर ओकायामाला कोराकुएन बघा, ओसाकाहून शिनकान्सेननं, म्हणजे बुलेट ट्रेननं, पाऊण तासाच्या आसपास. तिथं बागेतून नदीपलीकडचा काळा किल्ला दिसतो, दोघांचंही होईल. ही बाग १७०० साली पूर्ण झाली, जपानच्या तीन मोठ्या नावाजलेल्या बागांपैकी एक, पुण्यातलं सिंहगड रोडवरचं पु. ल. देशपांडे उद्यान हिच्याच धर्तीवर केलंय, तुम्ही ते पाहिलं असेल तर ओळखीचं वाटेल. इथं मात्र चालावं लागतं, पण रस्ते सपाट आहेत, मोठी मोठी हिरवळ आहे, सावकाश दोन तास ठेवा.

आता आपल्या जपानी गार्डनचं. मला ते आवडतं, सकाळी तिथं जीव शांत होतो, पण आपण तिथं व्यायामाला जातो, भरभर फेऱ्या मारतो. तिकडच्या फिरायच्या बागेत पायवाट मुद्दाम वळवलेली असते, सगळं एकदम दिसू नये म्हणून, वळणावर तळं, पुढच्या वळणावर दिवा, मग पूल. चहाघराकडे जाणाऱ्या वाटेत तर दगड थोडे वरखाली असतात, तुम्ही खाली बघूनच चालता, मग एक मोठा रुंद दगड येतो, तिथं पाय आपोआप थांबतो, मान वर जाते, आणि नेमकं तिथूनच बघण्यासारखं काहीतरी ठेवलेलं असतं. हे मला पहिल्यांदा कळलं तेव्हा अंगावर काटा आला होता, शेकडो वर्षांपूर्वीच्या माणसानं आपल्या मानेचा विचार केलाय! त्यामुळं एका दिवसात पाच बागा उरकू नका काकू, दोनच बघा पण बसून.

वाटेत काळ्या दोरीनं बांधलेला छोटा दगड दिसला की पुढं जायचं नाही, तो कोणाचा राहून गेलेला नाही, तीच तिथली पाटी. शेवाळावर पाय नको, ते वर्षानुवर्षं जपलेलं असतं. र्योआनजीत मागच्या बाजूला दगडाचं एक पाण्याचं कुंडं आहे, वर चार अक्षरं, प्रत्येक अक्षर मधला चौकोन त्यात धरून वाचायचं, अर्थ साधारण असा की मला पुरेसं आहे हे मला कळतं. ते चुकवू नका, घाईत लोक त्याच्यावरून निघून जातात.

बूट घालता-काढता येतील असे घ्या, ओसरीवर चढताना काढावेच लागतात, आणि जाड मोजे, लाकूड गार असतं. तुम्ही जाणार तेव्हा क्योतोत मेपल लाल होऊन राहिलेले असतात, गर्दी भयंकर, म्हणून र्योआनजीला सकाळी आठला उघडतं तेव्हाच पोचा. शेवाळाची बाग साइहोजी लिस्टमध्ये असेल तर मुलाला आधीच बुकिंग करायला सांगा, तिथं असंच जाऊन आत सोडत नाहीत.

प्रश्न: घराच्या गच्चीवर शेवाळाची जपानी बाग करायची आहे. नागपुरात जमेल का? (मनीषनगरचे एक वाचक)

उत्तर: शेवाळ नाही जमणार दादा. पावसाळ्यात हिरवंगार येईल आणि मे महिन्यात ४५ डिग्रीला करपून जाईल, उगाच पाणी नं मन दोन्ही जाईल. खडीची बाग करा, पण पांढरी खडी नको, आपल्या उन्हात डोळे उघडणार नाहीत, करडी घ्या. चुरी, म्हणजे दगडाचा बारीक चुरा, पण नको, लू सुटली की शेजाऱ्यांच्या घरात जाईल. दगड तीन पुरेत, आणि नुसते वर ठेवू नका, खालचा भाग खडीत गाडा म्हणजे ते तिथंच उगवल्यासारखे दिसतात. गच्चीवर किती वजन चालेल हे इंजिनियरला विचारल्याशिवाय मात्र एक पोतंही वर चढवू नका. दाताळं सुताराकडून लाकडाचं करून घ्या, दातांमध्ये दोन बोटं अंतर, आणि रेघा ओढायच्या त्या संध्याकाळी, ऊन उतरल्यावर.