लिबर्टेरियन (सरकारचा हस्तक्षेप कमीत कमी हवा असं मानणाऱ्या) आणि मार्क्सवादी विचारांत काही समान आहे का?

हो, आहे, आणि ते वरवरचं नाही: सरकार तटस्थ नसतं, एक वर्ग ते दुसऱ्याला लुटायला वापरतो, हे दोघांनाही मान्य आहे. वर्गसंघर्षाचा शोध आपला नव्हे, आधीच्या बूर्झ्वा (भांडवलदार वर्गाच्या) इतिहासकारांचा, असं मार्क्सनेच १८५२ मध्ये आपला मित्र वायडमायर याला कळवलं होतं. १८५४ मध्ये एंगेल्सला लिहिताना त्याने फ्रेंच इतिहासलेखनातल्या या कल्पनेचा जनक म्हणून इतिहासकार ऑग्युस्तँ तिएरीचं नाव घेतलं. तिएरीच्या गोटातले फ्रेंच उदारमतवादी लेखक शार्ल कोंत आणि द्युनोये यांना तर लिबर्टेरियन मंडळी आपले पूर्वज मानतात! मात्र त्यांच्या लेखी शोषक म्हणजे कर आणि सरकारी मेहेरबानीवर जगणारे. मार्क्सच्या लेखी कारखान्याचा मालक. खाजगी मालमत्तेच्या प्रश्नावर दोघांचं अजिबात जमत नाही. आणि हे साम्य मार्क्सच्या लिखाणापुरतं, सोव्हिएत राजवटीत ते शोधू नका.