वेंगुर्ला रॉक्सला पहिल्यांदा निघालायस? मग हे वाच

भावा, वेंगुर्ला रॉक्स म्हणजे वेंगुर्ल्यासमोर समुद्रातली खडकाळ बेटं. कोल्हापूरहून पहाटे निघून त्याच दिवशी होडी, हा हिशेब सोड. आदल्या रात्री निवतीत, होडी सुटते त्या किनाऱ्यावरच्या गावात, मुक्काम कर, उजाडताच निघ. दुपारी पश्चिमेचा वारा चढतो, परतीची होडी आपटते. बाराच्या आत किनारा गाठ. जून ते सप्टेंबर नावच काढू नको.

बेटावर दुकान नाही, गोडं पाणी नाही. माणशी तीन लिटर घे.

नवखे हमखास चुकतात ते पायात. स्लीपर नको. उतरायचं ते ओल्या खडकावर. शेवाळावर पाय सरकतो आणि कालवांच्या धारेनं तळवा चिरतो. पकड असलेले बूटच घाल. लाइफ जॅकेट किनाऱ्यावरच आवळ.

उलटीची गोळी अर्धा तास आधी. मिसळ चापून तर बसूच नको!

गुहेतल्या पाकोळ्यांच्या, म्हणजे तिथल्या छोट्या पक्ष्यांच्या, घरट्यांना हात लावू नको.