वाचकांचे प्रश्न : कादंबरीतलं धनुष्य, खऱ्या लाकडाचं

प्रश्न : नमस्कार दादा, आम्ही सहा वर्षं झाली इंग्लंडमध्ये लेस्टरला राहतो. माझा चौदा वर्षांचा मुलगा कादंबऱ्यांतल्या एल्फ नावाच्या काल्पनिक लोकांच्या गोष्टी वाचून वाचून लाँगबोच्या, म्हणजे माणसाएवढ्या लांब धनुष्याच्या मागे लागलाय. विकतचा नको, स्वतः लाकडातून करायचाय म्हणतो, टोकं वळवलेला आणि अंगभर वेलपत्ती कोरलेला. ओळखीच्यांच्या बागेतलं अ‍ॅशचं झाड पाडणारेत, ते लाकूड चालेल का, की यू झाडाचंच लागतं?

उत्तर : ताई, चालेल, आणि पहिल्या धनुष्याला मी स्वतः अ‍ॅशच सांगतो. यूचं नाव उगाच मोठं नाही, त्याचं बाहेरचं पांढरं लाकूड ताण सोसतं आणि आतलं लालसर लाकूड दाब सोसतं, म्हणजे झाडानेच दोन लाकडं जोडून दिल्यासारखं. पण चांगलं यू महाग असतं, गाठी फार, आणि भुसा विषारी, शिकणाऱ्या पोराच्या हातात नको.

त्याआधी एक करा, त्याला पोर्ट्समथला घेऊन जा. इंग्लंडचा राजा आठव्या हेन्रीचं मेरी रोझ जहाज 1545 मध्ये बुडालं, 1982 मध्ये वर काढलं, त्यात 137 अख्खी धनुष्यं मिळाली, सहा फुटांच्या वरची, काही तर जवळपास सात फूट. तिथल्या म्युझियममध्ये ती बघायला मिळतात. नीट बघायला सांगा त्याला, कुठे वेलपत्ती नाही, वळवलेलं टोक नाही, मधे जाड आणि टोकांकडे निमुळती होत गेलेली साधी काठी. मला तरी त्याच्याइतकी देखणी वस्तू दुसरी माहीत नाही.

कोरीवकामाला मी नाही म्हणतोय त्याला कारण आहे. धनुष्य ओढलं की पाठ, म्हणजे निशाण्याकडची बाजू, ताणली जाते आणि पोट, म्हणजे आपल्याकडची बाजू, दाबली जाते. पाठीवरचा एक धागा जरी कापला गेला तरी लाकूड तिथूनच उचकटतं. वेलपत्ती हवीच असेल तर रंगवू दे ना, मुठीला रंगीत दोरा गुंडाळू दे, पाठीवर पटाशी मात्र लावायची नाही.

आता लाकूड. झाड वाळून उभं राहिलेलं नसावं, अ‍ॅशला तिकडे डायबॅकचा रोग आहे आणि मेलेलं लाकूड ठिसूळ होतं. सहा फुटांचा सरळ, कमी गाठींचा ओंडका घ्या आणि करवतीने न कापता पाचरी ठोकून उभा फाडा, म्हणजे लाकडाच्या रेषा टोकापासून टोकापर्यंत अखंड राहतात. साल काढल्यावर जे पहिलं वलय दिसतं तीच पाठ, तिला परत हात लावायचा नाही, सगळं तासायचं ते पोटाकडून. अंदाजे आकार काढला की टोकांना आणि पाठीला फेव्हिकॉलसारखा पांढरा ग्लू फासा, सरळ फळीला बांधून घरात ठेवा आणि दर आठवड्याला वजन करा. वजन उतरायचं थांबलं की लाकूड वाळलं, दोन-तीन महिने सहज जातात, घाई नको.

अ‍ॅश दाबाला यूपेक्षा कमजोर, म्हणून पोट गोल न ठेवता चपटं ठेवा, मधे साधारण साडेचार सेंटीमीटर रुंद, टोकाला बोटाएवढं. ताकद, म्हणजे पूर्ण ओढायला लागणारा जोर, पंचवीस-तीस पौंड पुरे. मेरी रोझवरची शंभर पौंडांच्या वरची असावीत असा अंदाज आहे, ती लहानपणापासून सराव केलेल्यांची.

खरं काम पुढे आहे, टिलरिंगचं, म्हणजे धनुष्याचे दोन्ही हात, मुठीच्या वरचा आणि खालचा, सारखे वाकतील असं तासत जाण्याचं. जाडी निम्मी केली तर कडकपणा आठवा हिस्सा उरतो, रुंदी निम्मी केली तर निम्माच, त्यामुळे पोटावरून एक मिलिमीटर गेला तरी खूप गेला. आधी एक टोक जमिनीला टेकवून मूठ दाबून वाक बघा, मग लांब दोरी लावून भिंतीवरच्या खुंटीवर बसवा, दोरी कप्पीतून घ्या आणि लांब उभं राहून हळूहळू ओढा. जिथे वाकत नाही तिथे पेन्सिलने खूण, तिथलेच चार-पाच पातळ पापुद्रे स्क्रेपरने, म्हणजे खरवडायच्या पात्याने काढा, आणि परत वीस-तीस वेळा थोडं थोडं ओढा, लाकडाला बदल कळायला तेवढा वेळ लागतो. जिथे जास्त वाकतंय तिथे हातच लावायचा नाही, त्याच्या दोन्ही बाजूचं काढायचं.

माझं पहिलं धनुष्य इथेच गेलं. मुठीच्या वर चार बोटांवर वाक जास्त होता, मला दिसत होतं, तरी म्हटलं एकदा पूर्ण ओढून बघू. बारीक टिक असा आवाज आला, मी थांबलो नाही, पुढच्या ओढीला फाटकन दोन तुकडे झाले आणि एक कानाजवळून गेला. म्हणून सांगतो, टिक आवाज आला की तिथेच थांबायचं, डोळ्यावर चष्मा हवाच आणि या टप्प्याला मोठं माणूस शेजारी हवं. बाण न लावता दोरी कधी सोडायची नाही, सगळा झटका लाकडात जातो. दोरी डेक्रॉनची, म्हणजे पॉलिस्टरच्या धाग्याची घ्या, ती थोडी लवचीक असते. शेवटी जवसाचं तेल.

प्रश्न : मी पुण्यात असतो, इथे अ‍ॅश कुठून आणू? बांबूचं केलं तर ते खरं धनुष्य म्हणायचं का?

उत्तर : अगदी खरं. सातपुड्यातले भिल्ल बांबूचंच करतात, दोरीसुद्धा बांबूच्या पट्टीची, आणि आपल्याकडच्या तिरंदाजी स्पर्धांत इंडियन राउंड नावाचा प्रकार बांबूच्या धनुष्यावरच होतो. जाड भिंतीचा, पक्का झालेला मानवेल जातीचा बांबू घ्या, उभा चिरा, चकचकीत साल पाठीला राहू द्या कारण ताण तीच सोसते, आणि तासायचं ते आतल्या बाजूने. पेरं जास्त घासू नका. बाकी टिलरिंग वर ताईंना सांगितलंय तसंच, फक्त बांबू पटकन उतरतो तेव्हा स्क्रेपर अजून हलका.