हसताना वरच्या हिरड्या फार दिसतात. एक डॉक्टर ओठाची शस्त्रक्रिया सांगतात, दुसरे हिरडी कापायला सांगतात. काय करावं? आणि केलेलं टिकतं का?

तुम्ही लिहिलंय की वय 24 आहे, मोकळं हसलं की दातांच्या वर साधारण 4 मिमी हिरडी दिसते, आणि दोन ठिकाणी दोन वेगळे सल्ले मिळाले. दोघांपैकी कोणी चुकलं असेलच असं नाही. हिरडी जास्त दिसणं हे लक्षण आहे आणि त्याची कारणं निदान चार-पाच असतात. ओठाची शस्त्रक्रिया त्यांतल्या एकाच कारणावर नेमकी लागू पडते: ओठ हसताना गरजेपेक्षा जास्त वर उचलला जातो तेव्हा. म्हणून आधी मोजमाप, मग निर्णय. माझा सगळा भर त्यावरच आहे.

मोजायला मिलिमीटरची पट्टी, आरसा आणि मदतीला एक माणूस पुरतो. एकदा 'आम्मा' म्हणा आणि ओठ सैल सोडा. दोन ओठांमध्ये फट राहील. त्या फटीतून वरचे पटाशीचे दात किती दिसतात ते मोजा. तरुण स्त्रियांत 3 ते 4 मिमी, पुरुषांत 2 मिमीच्या आसपास दिसणं नेहमीचं. याच स्थितीत नाकाच्या बुडापासून वरच्या ओठाच्या खालच्या कडेपर्यंतची लांबी घ्या. स्त्रियांत ती 20 ते 22 मिमी, पुरुषांत 22 ते 24 मिमी असते. मग मधल्या पटाशीच्या दाताची हिरडीपासून टोकापर्यंतची उंची मोजा. ती साधारण 10 ते 11 मिमी भरते, आणि दाताची रुंदी उंचीच्या 75 ते 80 टक्के असते. शेवटी पूर्ण हसताना दात आणि हिरडी मिळून किती मिमी दिसतं ते. फोटोसाठी हसलेलं हसू इथे कामाचं नाही, त्यात ओठ कमी उचलला जातो. बोलता बोलता खरंखुरं हसू आलेला व्हिडिओ घ्या आणि त्यातली चौकट थांबवून बघा. दाताची उंची ठाऊक असल्यामुळे त्या प्रमाणात हिरडी मोजता येते.

आता वजाबाकी. पूर्ण हसताना जेवढं दिसतं त्यातून सैल ओठात जेवढे दात दिसतात ते वजा केलं की ओठाची उचल कळते. ती नेहमी 6 ते 8 मिमीच्या आसपास असते.

तीन माणसं घेऊ, तिघांचीही हिरडी 4 मिमीच दिसते. पहिल्याचे दात 10 मिमी उंच आहेत, सैल ओठात 3 मिमी दिसतात. हसताना 10 अधिक 4, म्हणजे 14. त्यातून 3 गेले, उचल 11 मिमी. इथे ओठच दोषी आहे आणि ओठाची शस्त्रक्रिया शोभते. दुसऱ्याचेही दात 10 मिमी, पण ओठ सैल असतानाच 7 मिमी दिसतात. 14 वजा 7, उचल 7. ओठ अगदी बरोबर काम करतोय. त्याचा ओठ आखूड नसेल तर वरचा जबडा उभ्या दिशेत जास्त वाढलाय किंवा पुढचे दात खाली उतरलेत. तिसऱ्याचे दात 8 मिमीच दिसतात, सैल ओठात 4. 12 वजा 4, उचल 8. इथे दात लहान नाहीत, हिरडीनं त्यांचा वरचा भाग झाकून ठेवलाय. ओठाला हात लावण्याआधी हिरडी जागेवर न्यायला हवी. तुम्हाला दोन वेगळे सल्ले का मिळाले ते यातून लक्षात येईल. तुमचे दात आखूड असतील आणि उचलही जास्त असेल तर दोन्ही डॉक्टर आपापल्या जागी बरोबर आहेत, प्रश्न फक्त क्रमाचा उरतो.

हिरडी सुजल्यामुळे दात झाकले गेलेत का, हेही बघून घ्या. कीटण साचून सूज येते तशी फेनिटोइन, सायक्लोस्पोरिन, निफेडिपिन किंवा अम्लोडिपिन यांसारख्या औषधांनीही हिरडी वाढते. तिथे आधी सफाई आणि औषधाबद्दल मूळ डॉक्टरांशी बोलणं.

नावांचा एक घोळ फार महागात पडतो, म्हणून स्पष्ट सांगतो. तुम्हाला हवी ती 'लिप रिपोझिशनिंग'. ओठाच्या आतल्या बाजूनं केली जाते, बाहेर व्रण नसतो आणि ओठ कमी उचलला जातो. 'लिप लिफ्ट' ही अगदी उलटी शस्त्रक्रिया आहे. तिथे नाकाखालची त्वचा काढून ओठ वर ओढतात. हिरडी दिसणाऱ्या माणसानं ती करून घेतली तर हिरडी आणखी दिसेल. संमतीपत्रावर कोणतं नाव लिहिलंय ते वाचल्याशिवाय सही करू नका.

लिप रिपोझिशनिंगचं मूळ तंत्र 1973 मध्ये रुबिन्स्टाइन आणि कॉस्टियानोव्स्की यांनी मांडलं. 2006 मध्ये रोझेनब्लाट आणि सायमन यांनी ते दंतशल्यचिकित्सेत पुन्हा आणलं, आणि आज जे केलं जातं ते बहुतेक त्याचंच रूप. कल्पना साधी आहे. ओठ आणि हिरडी यांच्यामध्ये आतून जी खोलगट खाच असते ती उथळ करायची, म्हणजे ओठ वर खेचणाऱ्या स्नायूंना तेवढा वाव उरत नाही.

भूल फक्त त्या जागेपुरती, लिडोकेन आणि रक्तवाहिन्या आकसवणारं अॅड्रेनॅलिन मिळून दिली जाते. हिरडीचा घट्ट फिका गुलाबी भाग जिथे संपतो आणि सैल लालसर त्वचा सुरू होते तिथे पहिला छेद. दुसरा छेद त्याला समांतर, ओठाच्या बाजूला. दोन्हींतलं अंतर हवा असलेल्या फरकाच्या दुप्पट ठेवतात. 4 मिमी कमी करायचं तर 8 मिमी पट्टी. सहसा 10 ते 12 मिमीच्या पुढे जात नाहीत. टोकं दोन्हीकडे दाढांच्या सुरुवातीपर्यंत जातात, म्हणजे तुम्ही हसताना जिथवर दात दिसतात तिथवर. मधली पट्टी वरवरची, साधारण 1 मिमी जाडीची काढायची, खालचं तंतुमय ऊतक तसंच ठेवायचं. मग दोन्ही कडा एकमेकींना जोडून बारीक टाके. पहिला टाका मधोमध आणि मग दोन्ही बाजूंनी सुळ्यांकडे. मध्यरेषा एक-दोन मिमी जरी सरकली तरी हसू तिरकं दिसतं. म्हणूनच बरेच शल्यचिकित्सक मधली दोरी, म्हणजे ओठ आणि हिरडी जोडणारी पट्टी, तशीच राखून दोन्ही बाजूंना दोन वेगळ्या पट्ट्या काढतात. मला हा प्रकार जास्त भरवशाचा वाटतो. सगळ्याला तासाभराचा वेळ लागतो.

बिघडतं ते बहुधा खोलीत. छेद जास्त खोल गेला तर रक्तस्राव वाढतो, ओठातल्या छोट्या लाळग्रंथी दुखावतात आणि नंतर निळसर, पाण्यानं भरल्यासारखा फोड येऊ शकतो. तो कधी आपोआप जातो, कधी काढावा लागतो. बारीक मज्जातंतूंना धक्का लागला तर काही आठवडे ओठाला मुंग्या किंवा बधिरपणा राहतो. दुसरी गोची घट्ट हिरडीच्या रुंदीची. ती 3 मिमीपेक्षा अरुंद असेल तर टाक्यांना आधार मिळत नाही आणि पुढे हिरडी ओढली जाते. तिथे हे करू नये.

आता टिकाऊपणा, कारण तुमचा खरा प्रश्न तोच आहे. खरा उमेदवार असेल तर साधारण 3 ते 4 मिमी फरक अपेक्षित धरा. त्यातला काही भाग पहिल्या 6 ते 12 महिन्यांत परत जाऊ शकतो. नुसती वरची त्वचा काढलेल्या शस्त्रक्रियेत हे जास्त घडतं, कारण स्नायू तेवढ्याच जोरानं खेचत राहतात आणि व्रणाचं ऊतक हळूहळू ताणलं जातं. म्हणून काही जण स्नायूचे तंतू सोडवतात किंवा आतून टाके घालून खाली बांधून ठेवतात. परत उचल येण्याचं प्रमाण त्यानं घटतं, मात्र सूज आणि बधिरपणा थोडा वाढतो. डॉक्टरांना विचारा की ते स्नायूचं काय करतात. आणि त्यांनी केलेल्या कामाचे फोटो मागाल तर 1 वर्षानंतरचे मागा. दोन आठवड्यांच्या फोटोत ओठ सुजलेला आणि आखडलेला असतो, तेव्हा हिरडी कोणाचीच दिसत नाही!

दोन गोष्टी आधी करून बघता येतात. एक, बोटॉक्स, म्हणजे स्नायू तात्पुरते सैल करणारं इंजेक्शन: नाकपुडीच्या बाजूला, ओठ उचलणारे स्नायू जिथे एकवटतात तिथे दोन्हीकडे साधारण 2 ते 3 युनिट. दोन आठवड्यांत पूर्ण परिणाम दिसतो, 3 ते 6 महिन्यांत ओसरतो. ओठ खाली राहिलेलं तुमचं हसू तुम्हालाच आवडतं का, हे त्यातून कळतं. काहींना ते जड किंवा उदास वाटतं, आणि हे टाक्यांआधी कळलेलं केव्हाही बरं. दुसरी, छेद न घेता भूल देऊन ठरलेल्या जागी नुसते तात्पुरते टाके घालून बघणं. भुलीमुळे ओठ पूर्ण मोकळा हलत नाही, त्यामुळे यातून मिळतो तो अंदाजच.

जबड्याचं कारण असेल तर ओठ बांधून फारसं साधत नाही. दात खाली उतरलेले असतील तर तारा लावून ते वर नेता येतात. हाडच वाढलेलं असेल आणि हिरडी 8 मिमीपेक्षा जास्त दिसत असेल तर वरचा जबडा वर सरकवण्याची मोठी शस्त्रक्रिया लागते. ती पूर्ण भुलीखालीच होते, आधी-नंतर तारांचे उपचार असतात.

दात आखूड असतील तर क्रम असा ठेवा: आधी हिरडी, मग ओठ. हिरडीच्या डॉक्टरांनी भूल देऊन सुईसारख्या मोजपट्टीनं हाड कुठे आहे ते तपासायला हवं. हाडाची कड नव्या हिरडीच्या रेषेपासून साधारण 3 मिमी लांब नसेल तर नुसती हिरडी कापून ती पुन्हा वाढते. मग थोडं हाडही तासावं लागतं. त्यानंतर 3 ते 6 महिने थांबून पुन्हा मोजा. पुष्कळदा उरलेली हिरडी 2 मिमीच्या आत येते आणि ओठाची गरजच राहत नाही. शिवाय हिरडी काढताना घट्ट हिरडीची रुंदी कमी होते, म्हणून ती किती उरली हे ओठाच्या आधी कळलेलं चांगलं.

शस्त्रक्रिया ठरलीच तर पहिले 14 दिवस निकाल ठरवतात. पहिल्या दिवशी बाहेरून बर्फ, 10 मिनिटं लावून 10 मिनिटं काढून. सूज दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सर्वांत जास्त असते. आठवडाभर खिदळून हसणं, मोठ्यानं बोलणं, जांभई देताना तोंड पूर्ण उघडणं टाळा. मऊ, कोमट खा, पुढच्या दातांनी तोडू नका, स्ट्रॉ वापरू नका. टाके बघण्यासाठी ओठ वर उचलणं ही सगळ्यात सामान्य चूक. टाके तिथेच तुटतात. वरच्या पुढच्या भागात ब्रश डॉक्टर सांगतील तेव्हाच फिरवा, तोवर क्लोरहेक्सिडिन या जंतुनाशक द्रवानं दिवसातून दोनदा चूळ. दातांवर तपकिरी डाग पडले तरी ते सफाईत निघतात. धूम्रपान पूर्ण बंद. टाके विरघळणारे नसतील तर 10 ते 14 दिवसांनी काढतात. ओठ आखडल्यासारखा काही आठवडे वाटतो, प-फ-ब म्हणताना सुरुवातीला अडखळायला होतं. गाणारे किंवा बासरी वाजवणारे असाल तर कार्यक्रम महिना-दीड महिना पुढे ढकला.

20 मिनिटं दाबून धरूनही रक्त थांबत नसेल, चौथ्या दिवसानंतर सूज वाढू लागली, ताप किंवा पू आला, तर वाट न बघता त्याच दिवशी दाखवा. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर ती स्वतःहून बंद करू नका, आणि मधुमेह आटोक्यात नसेल तर आधी तो आणा.

वयाचं एक राहिलं. वाढ पूर्ण होण्याआधी हे करू नये, 24 ला ती अडचण नाही. पण वयाबरोबर वरचा ओठ आपोआप खाली उतरतो आणि दात-हिरडी कमी दिसू लागतात. तुमची हिरडी मोजल्यावर 2-3 मिमीच भरली तर मी शस्त्रक्रिया सुचवणार नाही. 4 मिमी किंवा जास्त, उचल 9-10 च्या पुढे आणि दात पूर्ण उंचीचे, अशी तिन्ही उत्तरं आली तर ओठाचा सल्ला देणाऱ्या डॉक्टरांकडे परत जा. दात 8-9 मिमी भरले तर आधी हिरडीचा सल्ला देणाऱ्या डॉक्टरांकडे.