वाचकांचे प्रश्न : ‘पॉइंट’ दोनच, बाकी जॉग

प्रश्न : वय ४१, नोकरी दिवसपाळीची. आठवड्याला ३५ किमी धावतो. जानेवारीत मुंबईची पूर्ण मॅरेथॉन चार तासांच्या आत करायची आहे. जपानी धावपटू महिन्याला ७००-८०० किमी धावतात असं वाचलं. मी कुठवर वाढवू? (नाशिक)

त्या आकड्याच्या नादी लागू नका. तो कुठून येतो ते आधी पाहा. २ आणि ३ जानेवारीला तोक्योहून हाकोनेपर्यंत आणि परत अशी विद्यापीठांची एकिदेन, म्हणजे रिले, १९२०पासून होत आली आहे. दहा धावपटू आणि प्रत्येकाच्या वाट्याला २० किमीच्या आसपास. विशीतल्या मुलाला हाफ मॅरेथॉनचं अंतर संघासाठी जोरात पळायचं असेल, तर सरावही त्याच मापाचा लागतो. ती मुलं वसतिगृहात राहतात, पहाटे एकत्र जॉग करतात आणि दुपारी पुन्हा मैदानावर येतात. जेवण-झोपेचं वेळापत्रकही संघच ठरवतो. तुम्हाला मात्र नऊ वाजता ऑफिस गाठायचंय.

तुमच्या उपयोगाचा माणूस म्हणजे जपानी मॅरेथॉन धावपटू युकी कावाउची. सायतामा प्रांताच्या सरकारी नोकरीत असताना, २०१८च्या बोस्टन मॅरेथॉनमध्ये थंडी, पाऊस आणि समोरून येणाऱ्या वाऱ्यात तो २:१५:५८ वेळेत पहिला आला. सराव दिवसातून एकदाच. आठवड्यात जोराचे दिवस दोन, एक वेगाचा आणि एक लांब पल्ल्याचा. उरलेले दिवस निवांत जॉग. जोराच्या सरावाला जपानी धावपटू ‘पॉइंट’ म्हणतात.

चार तासांसाठी तुमचा लक्ष्यवेग ५:४१ प्रति किमी, म्हणजे एका किलोमीटरला ५ मिनिटं ४१ सेकंद. आठवडा असा लावा : मंगळवारी ८ किमी जॉग, बुधवारी पॉइंट, शुक्रवारी ६ किमी जॉग आणि शेवटी १०० मीटरच्या पाच ‘नागाशी’, शनिवारी ५ किमी अगदी सावकाश, रविवारी लांब पल्ला. नागाशी म्हणजे पूर्ण जोराच्या साधारण ८० टक्क्यांवर, खांदे सैल ठेवून मारलेली धाव. परत येताना चालत या. दम लागला तर ती नागाशी नव्हे, शर्यत झाली.

बुधवारी एका आठवड्यात बिल्डअप, म्हणजे टप्प्याटप्प्याने वेग वाढवत धावणं, पुढच्या आठवड्यात बदलता वेग. बिल्डअप १५ किमीचा : पहिले ५ किमी ६:४०ने, पुढचे ५ किमी ६:१०ने, शेवटचे ५ किमी ५:४०ने. एकूण साडेब्याण्णव मिनिटं. सुरुवातीला प्रत्येक टप्पा ३ किमीचाच ठेवा. बिघडतं ते नेहमी पहिल्या टप्प्यात. ६:४० फार हळू वाटतं, हात शिवशिवतात, माणूस ६:१५ने निघतो आणि शेवटी वेग वाढवायला पायात काही उरत नाही. घड्याळावरचा चालू वेग झाडांखाली आणि उंच इमारतींजवळ भलतंच काही दाखवतो, म्हणून दर किलोमीटरचा लॅप, म्हणजे त्या किलोमीटरला लागलेला वेळ, बघा. बदलत्या वेगात १ किमी ५:२०ने, १ किमी ६:१०ने, असं पाच वेळा. इथे हळू किलोमीटरही धावायचाच, चालायचं नाही. सरावाचा अर्थच तो आहे.

रविवार १६ किमीपासून वाढवत ३० किमीवर न्या. ३० किमी शेवटच्या दहा आठवड्यांत तीनदा पुरे, शेवटचा शर्यतीच्या तीन आठवडे आधी. वेग ६:१०, सुरुवातीपासून शेवटपर्यंत तोच. ज्या आठवड्यात ३० किमी आहे, त्यात बुधवारचा पॉइंट छोटा करा आणि शनिवारी सुट्टी. दर चौथ्या आठवड्याला एकूण अंतर पाव हिश्श्याने कमी. बहुतेक आठवडे ५०-५५ किमीवर थांबले तरी तुमच्या लक्ष्याला तेवढं चालेल.

जॉग ६:५० ते ७:१५. बहुतेक लोक इथेच फसतात, रोज ६:२०ने धावतात. मग जॉग विश्रांतीचा राहत नाही आणि बुधवारी पाय जड. शक्य असेल तेव्हा जॉग मैदानावर किंवा मुरमाच्या रस्त्यावर करा. जपानी संघही जॉगसाठी गवत आणि लाकडाच्या भुशाचे मार्ग शोधतात, पोटऱ्यांना डांबर रोज सोसत नाही.

प्रश्न : आमचा बाराजणींचा गट आहे. रविवारी सगळ्या एकत्र निघतो, पण पाचव्या किलोमीटरला दोघी पुढे आणि चौघी मागे. जपानी संघ एवढे जवळजवळ कसे धावतात? (कोल्हापूर)

नियम कडक असतात म्हणून. दोन-दोनच्या रांगा, पुढच्या जोडीने ठरलेला वेग धरायचा, दर किलोमीटरला ती जोडी बाजूने मागे जाते आणि दुसरी पुढे येते. पुढच्या जोडीला ओलांडायचं नाही, मग पाय कितीही हलके असोत. तिकडे वेळनोंदणीच्या स्पर्धांतही गट अपेक्षित वेळेप्रमाणेच पाडतात.

बाराजणींचे दोन गट करा. वेग गटातल्या सर्वांत संथ बाईला जमेल तो. हौस असणाऱ्यांना शेवटचे ३ किमी मोकळे सोडा, त्याआधी नाही. नवीन मुलीला पहिल्या महिन्यात पुढची जोडी देऊ नका. ती घाबरून वेग वाढवते आणि मागचा सगळा गट ओढला जातो.

प्रश्न : ऑक्टोबर हीटमध्ये वेग जमतच नाही. (छत्रपती संभाजीनगर)

जमणारही नाही. उन्हाळ्यात जपानी संघ उत्तरेला होक्काइदोत किंवा नागानोच्या सुगादाइरासारख्या उंचावरच्या ठिकाणी जातात, त्यामागे हेच कारण. तुम्हाला ते शक्य नाही, तेव्हा पहाटे पाचला निघा आणि वेगाऐवजी मिनिटं मोजा. १५ किमीच्या बिल्डअपऐवजी ३० मिनिटं निवांत, ३० मध्यम, २० जोरात. मध्यम टप्प्यात छोटं वाक्य बोलता यायला हवं, जोराच्या टप्प्यात दोन-तीन शब्द. दर २० मिनिटांनी दीडशे मिली पाणी, तासापुढे मीठ-साखरेचं. डोकं गरगरलं किंवा अंगावर काटा आला तर तिथेच थांबा आणि सावलीत बसा.

प्रश्न : मुलगी १६ वर्षांची, जिल्हा पातळीवर ३००० मीटर धावते. थकवा फार. कुणी लोहाचं इंजेक्शन सुचवलं. जपानमध्ये देतात म्हणे. (सातारा)

देत होते, आणि त्याचं नुकसान दिसल्यावर तिथल्या अ‍ॅथलेटिक्स महासंघाने त्याविरुद्ध सूचना काढल्या. शिरेतून गेलेलं जास्तीचं लोह शरीर बाहेर टाकू शकत नाही, ते यकृतात आणि इतर अवयवांत साठतं. आधी हिमोग्लोबिन आणि फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा दाखवणारं) तपासा, पाळी नियमित आहे का ते विचारा आणि तिचं जेवण धावण्याच्या मानाने पुरतं का ते बघा. उपचार डॉक्टर ठरवतील, प्रशिक्षक नाही. पाळी तीन महिने चुकली असेल, तर तपासणी होईपर्यंत जोराचा सराव बंद.