जमीन-जुमला: मात्रीझचा कागद हातात आहे, सर्व्हे नंबर नाही

या वेळी पत्रांचा ढीगच पडलाय आणि सगळी एकाच विषयावर, गोव्यातल्या जमिनींचे जुने कागद आणि कराच्या पट्ट्या. त्यातली तीन घेतो. बाकीच्यांनी रागावू नका, तुमची उत्तरं यातच निघतील असं वाटतं.

प्रश्न : नमस्कार दादा. आमचं मूळ घर डिचोली तालुक्यातलं, पण आजोबा मुक्तीच्या आधीच मुंबईला गेले ते तिकडचेच झाले. आता बाबा गेल्यावर ट्रंकेत एक पोर्तुगीज कागद सापडला, त्यावर मात्रीझ असं काहीतरी आणि एक नंबर आहे, आणि एक-दोन टॅक्सच्या पावत्या. ऑनलाइन बघायला गेले तर तिथे सर्व्हे नंबर विचारतात, तो आमच्याकडे कोणालाच माहीत नाही. गावात आता आमचं कोणी नाही. टॅक्स भरलाय म्हणजे जमीन आमचीच ना? सुरुवात कुठून करू? (डोंबिवलीहून एक वाचक)

उत्तर : ताई, तुमच्या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो, म्हणजे पुढचं वाचताना उगाच आशा लागून राहणार नाही. टॅक्स भरलाय म्हणजे जमीन तुमची, असं नाही. मात्रीझ म्हणजे पोर्तुगीज काळातली करवसुलीची नोंदवही, तेव्हाच्या सरकारला फक्त एवढंच हवं होतं की या भाटाची, म्हणजे जमिनीच्या तुकड्याची, पट्टी कोणाकडून घ्यायची. मालकीची नोंद वेगळ्या पुस्तकात असायची, तिथे जमिनीचं वर्णन म्हणजे दिश्क्रिसांव, आणि ती कोणाकडून कोणाकडे आली ती इन्स्क्रिसांव. दिश्क्रिसांव 'बी' बुकात आणि हस्तांतरण 'जी' बुकात असतं, म्हणून जुन्या दस्तात 'बुक बी अमुक, पान तमुक' असं लिहिलेलं दिसलं की समजायचं गाडी बरोबर स्टेशनवर आली. आणि तिसरा कागद आजचा, एक-चौदाचा उतारा, म्हणजे महाराष्ट्रातल्या सातबारासारखा, तो 1968 च्या लँड रेव्हेन्यू कोडनंतर जो नवा सर्व्हे झाला त्यातला. म्हणजे एकाच भाटाला तीन नंबर, आणि तिन्ही एकमेकांना ओळखत नाहीत. गोव्यातला सगळा गोंधळ इथे आहे.

आता हे तिन्ही जोडायचे कसे. लोक नंबराच्या मागे लागतात आणि वर्षं घालवतात. माझं म्हणणं, भाटाचं नाव धरा. आपल्याकडे कुठलाही तुकडा बिननावाचा नसतो, आणि दिश्क्रिसांवमध्ये ते नाव आणि चार बाजूंच्या मेरा, म्हणजे सीमा, लिहिलेल्या असतात, उत्तरेला कोणाचं, दक्षिणेला कोणाचं. तुमच्या कागदावर 'नास्सेंत' दिसेल ती पूर्व, 'पुएंत' म्हणजे पश्चिम, 'सुल' म्हणजे दक्षिण, 'पाल्मार' म्हणजे माडांचं भाट, 'व्हार्झेया' म्हणजे भातशेती, आणि 'हेर्देइरोस' आलं की अमक्याचे वारस. एवढे शब्द पाठ केलेत तरी अर्धा कागद वाचून होतो. एक-चौदाच्या वरच्या भागातसुद्धा शेताच्या नावाची जागा असते, तिथे तेच नाव थोडं वाकडंतिकडं होऊन आलेलं सापडतं.

म्हणजे कामाला असं लागा. गावात तुमचं कोणी नसलं तरी शेजारी आहेत ना, मेरेवरची माणसं. त्यांच्यापैकी कोणाचाही सर्व्हे नंबर मिळवा, त्याचा सर्व्हे प्लॅन काढा, प्लॅनवर आजूबाजूचे नंबर असतात, मग तालुका, गाव, सर्व्हे नंबर आणि सब-डिव्हिजन घालून सेटलमेंट अँड लँड रेकॉर्ड्सच्या साइटवर एकेक उतारा उघडून बघा. कंटाळवाणं काम आहे पण एका दुपारी होतं. तलाठ्याला शेताचं नाव सांगून विचारलं तर त्याहूनही लवकर, मात्र तलाठी गावातला जुना हवा, परवाच बदलून आलेला असेल तर तो तुमच्याइतकाच परका.

मात्रीझची जुनी पुस्तकं तालुक्याच्या महसुलाकडे मागायची, दिश्क्रिसांवसाठी तालुक्याचं सब-रजिस्ट्रार ऑफिस, आणि तिथे नाही म्हणाले तर पणजीचं पुराभिलेख खातं. आणि एक गोष्ट कोणी सांगत नाही ती सांगतो. मी स्वतः एकदा आमच्या काकांचं नाव शोधायला अशाच एका ऑफिसात बसलो होतो, नाव सांगत नाही ऑफिसचं. आडनाव नाईक, म्हणून 'एन' खाली सगळी पानं चाळली, दुपार झाली, कसर लागलेली पुस्तकं, हाताला वास, मिळेना. शिपाई बिचारा दोन वेळा चहा प्यायला जाऊन आला आणि मग म्हणाला, साहेब, पोर्तुगीज माणूस पहिल्या नावावरून यादी लावतो. काकांचं नाव केशव. मग 'के' खाली बघितलं, तिथेही नाही! पोर्तुगीजात केशव 'क्यू'ने सुरू होतं, आणि 'श' साठी 'एक्स'. 'क्यू' च्या पानावर पहिल्या पाच मिनिटांत काका हजर. तुमच्या आजोबांचं नाव शंकर असेल तर 'एक्स' खाली बघा, कृष्णा असेल तर 'सी'. आडनावात प्रभूचं पोरोब झालेलं असतं, शेणईचं सिनाय. साखळी गावाचं सांकेलिम का झालं ते विचारू नका.

उतारा मिळाला की घाई करू नका, खालपर्यंत वाचा. एक रकाना कब्जेदाराचा, एक कुळाचा, एक इतर हक्कांचा. कब्जेदारात आजोबांचं नाव दिसलं तर आनंद माना, पण कूळ रकान्यात कोणी असेल तर शांतपणे बसून विचार करा, कारण 1976 च्या कूळ कायद्याच्या दुरुस्तीने कुळांना मालकीचा मार्ग उघडलाय आणि तिथून पुढे ती वेगळीच लढाई. उताऱ्यात लिहिलंय ते खरं मानायचं, विरुद्ध सिद्ध होईपर्यंत, असं लँड रेव्हेन्यू कोडचं कलम 105 म्हणतं, पण उतारा म्हणजे मालकीपत्र नव्हे. आजोबांचं नाव आलंच नाही तर हाताने लिहिलेला जुना एक-चौदा आणि फॉर्म नऊ, म्हणजे फेरफार नोंदवही मागून घ्या, नाव कधी आणि कशाच्या जोरावर बदललं ते त्यात दिसतं. क्षेत्र वाचताना फसू नका हं, 0.07.25 असं लिहिलं असेल तर ते शून्य हेक्टर, सात आर, पंचवीस चौरस मीटर, म्हणजे 725 चौरस मीटर. मला एकाने सव्वासात चौरस मीटर समजून रडत फोन केला होता.

आणि उशीर करू नका. मालक मुंबईला, लंडनला, आफ्रिकेला गेलेले, वारस कोण ते कोणाला ठाऊक नाही, अशाच जमिनी बनावट जुने कागद करून विकल्याच्या तक्रारी इतक्या झाल्या की 2022 मध्ये सरकारला एसआयटी, म्हणजे विशेष तपास पथक, नेमावं लागलं आणि निवृत्त न्यायमूर्ती व्ही. के. जाधव यांचा एकसदस्यीय आयोगही बसला. तुमच्यासारखीच ट्रंक दुसऱ्या कोणाकडे उघडली गेली तर काय, एवढं डोक्यात ठेवा. मिळाल्यावर वारसांची नोंद करायला सब-रजिस्ट्रारकडे सक्सेशन डीड लागेल, 2012 चा गोव्याचा वारसा कायदा तिथे लागू होतो, पण ते काम वकिलाचं, माझ्या वहीत ते येत नाही.

प्रश्न : दादा, मी पेडणे तालुक्यातली. माझे मिस्टर जाऊन चार वर्षं झाली. घर सासऱ्यांनी बांधलेलं, घरपट्टी सासऱ्यांच्या नावे होती. आता कळलं की भावजींनी पंचायतीत जाऊन ती स्वतःच्या नावावर करून घेतली, आणि आता म्हणतात घर माझं, पावती बघ. आम्ही दोघं मिळून भरत आलोय आजपर्यंत. मी काय करू? भांडायची इच्छा नाही, शेजारीच राहतो.

उत्तर : ताई, पावतीला एवढं घाबरू नका. घरपट्टी हा पंचायतीचा कर, 1994 च्या पंचायत राज कायद्याखाली बसवलेला, आणि पंचायतीला घराचा मालक कोण यापेक्षा पैसे कोण भरतो याचंच जास्त पडलेलं असतं. नाव बदललं म्हणून घर बदललं असं होत नाही, वीज बिलाचंही तसंच. उद्या मी तुमच्या घराची पट्टी भरली तर काय मी मालक होतो?

पण नुसतं मनात राहू देऊ नका. पंचायतीत अर्ज द्या की घरपट्टीच्या आकारणी रजिस्टरची, त्या घर नंबरची, सासऱ्यांच्या वेळेपासून आजपर्यंतची प्रमाणित नक्कल हवी, आणि नाव कशाच्या आधारावर बदललं, कोणाची हरकत नाही असं लिहून घेतलं, ते कागद हवेत. टाळाटाळ केली तर माहितीच्या अधिकारात मागा. त्या फायलीत तुमची सही असेल तर मला परत लिहा, कारण मुंडावळ्या बांधून आलेल्या सुनेकडून 'बँकेचं आहे गं, सही कर' म्हणून कागद घेतलेले मी बघितलेत. सही नसेल तर सचिवाला एक लेखी हरकत द्या, पोच घ्या, बस.

आणि हक्काचं बोलायचं तर गोव्यात लग्नाआधी वेगळा करार केलेला नसेल तर नवराबायकोची मालमत्ता एकत्र धरली जाते, वारसाने मिळालेला वाटाही त्यात येतो. म्हणजे सासऱ्यांच्या वाट्यातून मिस्टरांना जो हिस्सा आला त्यात अर्धा तुमचा आधीच, उरलेल्यात मुलं वारस. यावर कोणाचा रुसवा चालत नाही. वाटणी ठरवायची जागा सिव्हिल कोर्टातली इन्व्हेंटरी, म्हणजे मालमत्तेची यादी करून वारसांत वाटायचं काम, पंचायत नाही. भावजींना हे रागावून न सांगता जेवताना सांगता आलं तर बरं.

एक मात्र आधी बघून घ्या, एक-चौदात घर कुठे नोंदलंय. इतर हक्कांच्या रकान्यात घर आहे आणि कब्जेदार म्हणून भाटकाराचं, म्हणजे जमीनमालकाचं, नाव आहे, तर तुमची लढाई दिराशी नाहीच, मुंडकार म्हणून, म्हणजे भाटकाराच्या जमिनीवर घर करून राहणारा म्हणून, नोंद कोणाच्या नावे झालीय ती बघावी लागेल. सासऱ्यांच्या हयातीत मुंडकाराची नोंद एकट्या थोरल्या मुलाच्या नावाने केलेली बऱ्याच घरांत आढळते.

प्रश्न : सत्तरीत आमची जमीन. उताऱ्यात कब्जेदार 'सरकार', पण आजोबांकडे आल्वाराचा कागद आहे. आणि खाली असेसमेंट, फोर, प्रेदियाल, रेंट असे चार रकाने, चारही ठिकाणी शून्य. जमिनीला टॅक्सच नाही काय?

उत्तर : शून्याने हुरळून जाऊ नका आणि खचूही नका. असेसमेंट हा आजच्या कायद्यातला जमीन महसूल. फोर म्हणजे सरकारच्या किंवा गावकारीच्या, म्हणजे गावाच्या सामायिक संस्थेच्या, जमिनीसाठी वर्षाला द्यायची ठरावीक रक्कम, प्रेदियाल म्हणजे पोर्तुगीज काळातला जमीन-घराचा कर, रेंट म्हणजे खंड. शून्य छापलंय याचा अर्थ त्या उताऱ्यात आकडा भरलेला नाही, जमीन फुकट आहे असा नव्हे. त्याच पानावर बाजूला भात, बागायत, खाजन, केर, मोरड असे रकाने असतात, ते मात्र बघा. खाजन म्हणजे खाडीकाठची बांध घातलेली शेती, ती सत्तरीत नसणारच, पण तुमच्या काजूच्या डोंगराला तिथे काय म्हटलंय ते महत्त्वाचं.

आल्वारा म्हणजे सरकारने लागवडीसाठी ठरावीक फोर लावून दिलेली जमीन. त्यामुळे सरकारी नाव दिसलं म्हणून कागद रद्दी झाला असं अजिबात नाही, आणि कागद आहे म्हणून नाव आपोआप चढेल असंही नाही. मूळ कागद जपून ठेवा, लॅमिनेशन करू नका, शपथेवर सांगतो, लॅमिनेशन केलेला कागद वाळवीपेक्षा वाईट मरतो. फोर भरल्याच्या जुन्या पावत्या जितक्या मिळतील तितक्या गोळा करा, घरात नसतील तर ज्या ऑफिसात भरल्या तिथल्या वसुलीच्या वहीची नक्कल मागा, इथे मात्र टॅक्सची पावती कामाची आहे, कारण अट पाळली हे तीच दाखवते. मग अर्ज घेऊन मामलेदारांकडून जिल्हाधिकाऱ्यांकडे.

आणि उताऱ्याची झेरॉक्स मला पाठवताना पहिलंच पान पाठवता तुम्ही सगळे. कूळ आणि इतर हक्क पुष्कळदा दुसऱ्या पानावर जातात. दोन्ही पाठवा.