इस्रायलहून येणाऱ्या बेने इस्रायली (मूळचे कोकणातले मराठी ज्यू) तरुणांच्या गटाला दोन दिवसांत काय दाखवावं?

एक दिवस मुंबई आणि एक दिवस अलिबाग ठेवा, पण जास्त वेळ अलिबागला द्या. मुंबईत मशीद बंदरजवळचं १७९६ साली स्थापन झालेलं शार हारहमीम सिनेगॉग (ज्यूंचं प्रार्थनास्थळ) सकाळी पाहून होतं. खरी गोष्ट कोकणातली आहे. या समाजाच्या पूर्वजांचं गलबत इथल्या किनाऱ्याजवळ फुटलं आणि सात पुरुष, सात बायका वाचल्या, अशी परंपरागत कथा आहे. तिच्याशी जोडलेलं नवगावचं जुनं दफनस्थान, अलिबागच्या इस्रायल आळीतलं मागेन अबोथ सिनेगॉग आणि खंडाळे गावाजवळचा एलियाहू हनाबीचा, म्हणजे प्रेषित एलियाहूचा, खडक (घाटातलं खंडाळा नव्हे, ड्रायव्हरला आधीच बजावा) हे एका दिवसात आरामात होतं. अशा गटांच्या गाडी-जेवणाची सोय मी करतो, त्यावरून सांगतो: निघण्याआधी मुलांची आडनावं मागवून घ्या. रोहेकर, पेणकर, नवगावकर निघाले की गाव नकाशावर सापडतं आणि मुलं मोबाईल खाली ठेवतात. जेवणानंतर मलिदा ठेवायला सांगा. भिजवलेले पोहे, ओलं खोबरं, साखर, वर फळं. आजीच्या हातचा खाल्लेला असतो, तो इथे खाण्यात मजा आहे. मात्र शुक्रवार संध्याकाळ ते शनिवार संध्याकाळ शब्बाथ, म्हणजे ज्यूंचा विश्रांतीचा दिवस, असतो, तेव्हा प्रवास नि फोटो ठेवू नका. सिनेगॉगची परवानगीही पासपोर्टच्या प्रतींसह आधीच काढा. पावसाळ्यात गेटवेच्या लाँच बंद असतात, तेव्हा रस्त्याने किंवा भाऊच्या धक्क्यावरून रो-रोने (गाड्याही नेणाऱ्या बोटीने) या.